बांध ओलांडला की कायदा बदलतो

कोजागरी उलटली की माणिकगडच्या डोंगरात ढोल घुमू लागतात. मोरपिसांचा भलामोठा टोप, अंगभर राख, गळ्यात माळांचे ओझे आणि हातात सोटा घेतलेला घुसाडी पुढे, मागे दंडारीची मंडळी. एका गुड्याची दंडार दुसऱ्या गुड्यात पाहुणी जाते, रात्रभर नाचते आणि यजमानांकडे जेवून पुढची वाट धरते. या वाटेत कुठेतरी महाराष्ट्र संपतो आणि तेलंगण सुरू होतो. नाचणाऱ्यांना हे ठाऊक असते, पण दिवाळीत त्याची फिकीर करायचे कारण नसते. सोयरीक दोन्हीकडे, देव दोन्हीकडे. पौषात महाराजगुड्याजवळच्या जंगूबाईच्या गुहेत दोन्ही राज्यांतले गोंड येतात. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला नागोबाच्या जत्रेला इकडचे मेश्राम कुळातले गोंडही जातात.

फिकीर करावी लागते ती सण सरल्यावर. बँकेत, तहसिलीत, मुलाच्या शाळेत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात हद्दीला चिकटून चौदा गावे आहेत. परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा, अंतापूर ही त्यांतली काही. महाराष्ट्र म्हणतो ती आमची. तेलंगणच्या दप्तरात तीच गावे कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडलात आहेत. गावात मराठी शाळा आहे आणि तेलुगू शाळाही. अंगणवाड्या दोन, सरपंच दोन, मतदार याद्या दोन. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने ही गावे आपलीच असल्याचे पुन्हा एकदा जाहीर केले. गावकऱ्यांना अशा घोषणांची सवय आहे. दोन सरकारांच्या भांडणात आपला एक नळ जास्त आला तर आला, एवढाच त्यांचा हिशेब.

अशाच एका तांड्यावर एका घराच्या ओटीवर माझ्यापुढे कागद पसरले गेले. आधी दोन रेशनकार्डे. एक आपल्या ओळखीचे पिवळे, दुसरे तेलुगू अक्षरांतले. माणूस एकच, पण एका कार्डावर आडनाव शेवटी आणि दुसऱ्यावर सुरुवातीला. मग प्लास्टिकच्या पिशवीतून जातीचे दाखले निघाले. मुलाचा दाखला तेलंगणचा: लंबाडा, अनुसूचित जमात. सख्ख्या पुतण्याचा महाराष्ट्राचा: बंजारा, विमुक्त जाती (अ). दोन्ही दाखल्यांवर गोल शिक्के, दोन्ही खरे. आजोबा एक, तांडा एक, गोरमाटी बोली एक. हे कुटुंब बहात्तरच्या दुष्काळात नांदेडकडून इकडे आले आणि जंगल तोडून शेती करू लागले. तिथून पुढे भावाभावांत फरक पडला तो एवढाच, की एकाने पोराचे नाव तेलुगू शाळेत घातले आणि दुसऱ्याने मराठी शाळेत.

यात कुणी लबाडी केलेली नाही. भारतात अनुसूचित जमातींची यादी राज्यवार असते. घटनेच्या ३४२ व्या कलमानुसार राष्ट्रपती प्रत्येक राज्यासाठी वेगळी यादी जाहीर करतात आणि तिच्यात फेरबदल फक्त संसद करू शकते. म्हणून हाच समाज तेलंगण आणि आंध्रात अनुसूचित जमात, कर्नाटकात लंबाणी या नावाने अनुसूचित जात, राजस्थानात इतर मागासवर्ग आणि महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांत. महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) साठी तीन टक्के आरक्षण आहे; केंद्राच्या नोकरीला अर्ज करताना तोच मुलगा ओबीसी होतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला आणि पाठोपाठ मराठवाड्यातले बंजारा मोर्चे रस्त्यावर उतरले. त्याच गॅझेटाच्या आधारे आम्हालाही अनुसूचित जमातीत घ्या, ही त्यांची मागणी. राज्यातला आदिवासी समाज लगेच विरोधात उभा राहिला. मुंबईतल्या वाहिन्यांनी हे सगळे आरक्षणाच्या टक्केवारीच्या खात्यात जमा केले. जिवतीच्या तांड्यावर मात्र प्रश्न नोकरीच्या आधी जमिनीचा आहे.

तो असा. २००६ चा वनहक्क कायदा केंद्राचा, दोन्ही राज्यांना सारखाच लागू. अनुसूचित जमातीचा माणूस १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असेल तर त्याचा दावा उभा राहतो. जो अनुसूचित जमातीचा नाही, त्याने मात्र त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपले घराणे त्या जंगलात असल्याचे दाखवायचे. पुरावा न्यायचा १९३० पर्यंत. बहात्तरला आलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? म्हणजे ज्या भावाचा कागद लंबाडा, त्याला दार उघडे. ज्याचा कागद बंजारा, त्याला बंद. डोंगर एक, कायदा एक, कुऱ्हाड चालली तीही एकाच साली. आणि त्यांच्याच सोबत त्याच दुष्काळात मराठवाड्यातून आलेली दलित कुटुंबे? त्यांना हद्दीच्या दोन्ही बाजूंना ७५ वर्षांचीच अट. त्यांच्यासाठी मोर्चा निघाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

इथवर गोष्ट यादीची झाली. पण यादी म्हणजे नुसते नाव. त्या नावाला जोडून कोणता कायदा येतो हे प्रत्येक राज्यात निराळे, आणि खरी गुंतागुंत तिथे आहे.

हद्दीपलीकडच्या आसिफाबाद-उटनूरच्या डोंगराळ पट्ट्याला तिकडे 'एजन्सी' म्हणतात. शब्द इंग्रजांच्या काळचा, मद्रास इलाख्यातून आलेला. एजन्सीत, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात, जमिनीच्या व्यवहाराला १९५९ चा विनियम लागू आहे. तो तेलंगणच्या भागात १९६३ मध्ये आला आणि १९७० च्या दुरुस्तीने फार कडक झाला. अनुसूचित क्षेत्रातली स्थावर मिळकत फक्त अनुसूचित जमातीच्या माणसाला, किंवा निव्वळ आदिवासींच्या सहकारी संस्थेला देता येते. विकणारा कोण आहे हे कायदा विचारतच नाही. गैरआदिवासीने गैरआदिवासीला विकली तरी व्यवहार रद्द. वर आणखी एक गृहीतक: गैरआदिवासीच्या ताब्यात जमीन आढळली तर ती मुळात आदिवासीचीच होती असे धरून चालायचे, उलटे असेल तर ते त्याने सिद्ध करायचे. सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा १९८८ मध्ये वैध ठरवला. १९९७ च्या समता खटल्यात तर न्यायालय एक पाऊल पुढे गेले. विशाखापट्टणमच्या डोंगरातल्या खाणपट्ट्यांचा तो वाद होता. न्यायालय म्हणाले, या कायद्यापुढे सरकार हीसुद्धा एक 'व्यक्ती'च आहे. म्हणून अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनही खासगी खाणवाल्याला भाड्याने देता येणार नाही.

आता अलीकडे या. जिवतीतल्याच एका कोलामगुड्यात मी सातबारा पाहिला. घडीवर फाटलेला, मागून सेलोटेप लावलेला. वर नाव, गट नंबर, आकार. उजवीकडे 'इतर अधिकार' असा रकाना असतो. बँकेचा बोजा, विहिरीचा हिस्सा, कुळाचा शेरा, सगळे तिथेच. त्या रकान्यात एक ओळ होती: आदिवासी खातेदार, कलम ३६ व ३६-अ नुसार हस्तांतरणास बंदी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले हे ३६-अ कलम ६ जुलै १९७४ पासून लागू झाले. आदिवासीची जमीन गैरआदिवासीला द्यायची तर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते. विक्रीला जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीआधी सरकारची मान्यताही लागते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली जमीन परत देण्यासाठी लगेच दुसरा कायदाही झाला. त्याला आव्हान दिले गेले, पण १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. कलम आले तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, तेही बंजारा समाजातले. त्यांच्या स्वतःच्या समाजाला या कलमाचे संरक्षण नव्हते, आजही नाही.

दोन्ही कायदे जमीन वाचवायलाच निघालेले. पण पलीकडचा कायदा मातीला धरून आहे आणि अलीकडचा माणसाला. महाराष्ट्रात आदिवासी खातेदार अनुसूचित क्षेत्राबाहेर, अगदी शहराला लागून राहिला, तरी ३६-अ त्याच्या पाठीशी आहे. ही त्याची जमेची बाजू. पण त्याच कोलामगुड्याच्या शेजारी, अनुसूचित क्षेत्राच्या आत, एका गैरआदिवासीची जमीन दुसरा गैरआदिवासी खुशाल विकत घेऊ शकतो. एकदा हातून निसटलेली माती परत आदिवासीकडेच यावी असा आग्रह आपल्या कायद्याला नाही. शिवाय आपल्याकडे दाराला कडी आहे, तिकडे भिंत आहे. कडी मंत्रालयातून उघडता येते.

समता निकालाचेही तेच. तो आपल्याला का लागू नाही, असे गडचिरोलीत कार्यकर्ते नेहमी विचारतात. उत्तर २००१ च्या भारत ॲल्युमिनियमच्या निकालात आहे. तो कारखाना कोरब्याला, छत्तीसगडच्या अनुसूचित क्षेत्रात. न्यायालयाने सांगितले की समता निकाल आंध्रच्या विनियमाच्या शब्दांवर उभा आहे. तिथल्यासारखी सरसकट बंदी ज्या राज्याच्या कायद्यात नाही, तिथे तो जसाच्या तसा लावता येणार नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाचा ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ मध्ये खासगी कंपनीला दिला गेला, तो या फरकाच्या जागेतून. सुरजागड गोदावरीच्या पलीकडे असता तर त्या पट्ट्याचे काय झाले असते, हा विचार मला त्या रस्त्यावरून धुळीने लाल झालेले ट्रक जाताना पाहून प्रत्येक वेळी येतो.

पण पलीकडची भिंतसुद्धा दिसते तेवढी पक्की नाही, आणि तिचे खिंडार आपल्या तांड्याशी येऊन भिडते.

किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या निजामाच्या मुलखात होते. जल-जंगल-जमीन म्हणत लढलेला कुमुरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. त्या धक्क्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला लावले, गोंडांना पट्टे दिले, आदिवासी भागांसाठी वेगळे नियम केले. किनवट-राजुऱ्याच्या गोंडांचे आजे-पणजे त्याच व्यवस्थेखाली होते. राज्य पुनर्रचनेने ते मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आले, भाऊबंद तिकडे राहिले.

मग राज्यवार याद्या बदलणारा १९७६ चा दुरुस्ती कायदा आला. त्याने तेलंगणच्या भागातले लंबाडे अनुसूचित जमातींच्या यादीत आले. मातीचा कायदा म्हणत होता, जमीन फक्त अनुसूचित जमातीच्या माणसाला. यादीच्या कायद्याने त्या शब्दाचा अर्थच रुंदावला. कालपर्यंत एजन्सीत जमीन घेऊ न शकणारा लंबाडा शेतकरी आज गोंडाची जमीन कायदेशीरपणे घेऊ शकला. मराठवाड्यातले तांडे त्यानंतर मोठ्या संख्येने आदिलाबादकडे सरकले. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीला जमिनीचे पट्टे मागायला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार १३ माणसे मेली, गावोगाव सांगितला जाणारा आकडा कितीतरी मोठा. २०१७ च्या डिसेंबरात आदिलाबादमध्ये गोंड आणि लंबाडा समोरासमोर आले, जाळपोळ झाली, इंटरनेट बंद झाले. लंबाड्यांना यादीतून काढा ही मागणी तिथे अजून धगधगते आहे.

मला विचाराल तर दोघांचेही खरे आहे. त्या तांड्यावरची गरिबी मी पाहिली आहे, तिला दाखल्याची गरज नाही. पण आपल्याच डोंगरात आपण हळूहळू मागच्या बाकावर जात आहोत हे गोंडांचे दुखणेही काल्पनिक नाही. चूक कायदा करणाऱ्यांची. जमीन कुणी घ्यावी हे एका कायद्याने ठरवले, यादीत कोण असावे हे दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलेच नाही.

महाराष्ट्रातही हे घडले आहे. १९७६ च्या आधी आपल्या यादीवर क्षेत्रबंधन होते. विदर्भात गोंड हा गोंड ठरायचा तो मेळघाटात, गडचिरोली आणि सिरोंचा तहसिलीत, नाहीतर केळापूर, वणी आणि यवतमाळमध्ये. वरोऱ्याचा किंवा ब्रह्मपुरीचा गोंड कागदावर कुणीच नव्हता. मुलगी गडचिरोलीहून ब्रह्मपुरीत दिली की तिची जमात बदलली नाही, पण तिच्या मुलांची सवलत वैनगंगेत बुडाली. १९७६ ने हे बंधन काढले आणि बाहेरच्यांना न्याय मिळाला. त्याबरोबर नावाच्या साधर्म्यावर दावे सांगणाऱ्यांची रांगही लागली. त्यातून जात पडताळणी समित्या आल्या, कुळदैवत कोणते, लग्नात कोणते गाणे म्हणता असे विचारणारी 'आप्तभाव चाचणी' आली, हलबा-कोष्टींचा खटला २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. 'ओरांव, धनगड' या नोंदीतल्या एका 'ड'वर धनगर समाजाची सारी मागणी उभी होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत ती फेटाळली.

आणि गोवारी. यादीत 'गोंड गोवारी' असे लिहिले आहे. मध्ये स्वल्पविराम राहून गेला, आम्ही स्वतंत्र जमात आहोत, असे गोवारी समाज सांगत आला. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरच्या विधानभवनावर निघालेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे गेली. बहुतेक बाया आणि पोरे. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. स्वल्पविराम नाही तो नाहीच. नागपुरात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात.

एका देशात इतके वेगळे कायदे का, याची मुळे घटना समितीत सापडतात. इंग्रजांनी १९३५ च्या कायद्यात आदिवासी मुलखाचे 'वगळलेले' आणि 'अंशतः वगळलेले' असे दोन भाग केले होते. घटना समितीने आसामच्या डोंगरांसाठी गोपीनाथ बार्डोलोईंची उपसमिती नेमली आणि उरलेल्या भारतासाठी ठक्करबाप्पांची. दोन समित्या, दोन अहवाल, आणि त्यातून दोन अनुसूची: आसामच्या डोंगरांसाठी सहावी, बाकीच्यांसाठी पाचवी. सप्टेंबर १९४९ मधल्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी फरकाचे कारण दिले ते थोडक्यात असे: आसामबाहेरचे आदिवासी आजूबाजूच्या समाजात बरेच मिसळले आहेत; आसामच्या डोंगरातल्यांची मुळे मात्र त्यांच्या स्वतःच्या संस्कृतीत आहेत, त्यांची स्थिती अमेरिकेतल्या रेड इंडियनांसारखी आहे. बाबासाहेबांचा आदर ठेवूनही म्हणावेसे वाटते की हे विधान भामरागडच्या माडियाच्या घोटुलात बसून केले असते तर वेगळे झाले असते. छोटानागपूरचे जयपालसिंग मुंडा त्याच सभागृहात होते आणि आदिवासींना दुय्यम ठरवणाऱ्या भाषेला ते जागोजागी हरकत घेत होते.

परिणाम असा की पाचव्या अनुसूचीत, म्हणजे महाराष्ट्रासह दहा राज्यांत, आदिवासींच्या वतीने निर्णय घेतो राज्यपाल. सोबत एक सल्लागार परिषद. सहाव्या अनुसूचीत, म्हणजे आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराममध्ये, स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत. आपल्या झेडपीशी त्यांची गल्लत करू नका. त्या कायदे करतात, वारसा आणि लग्नाच्या रूढी ठरवतात, न्यायालये चालवतात. नागालँडला १९६२ च्या दुरुस्तीने ३७१-अ मिळाले: नागांच्या रूढी, रूढीचा न्याय, जमीन आणि तिच्यातली संपत्ती यांविषयीचा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागू होत नाही. मिझोरामलाही ३७१-ग आहे. २०२३ मध्ये केंद्राने वनसंवर्धन कायदा बदलला तेव्हा मिझोरामच्या विधानसभेने विरोधाचा ठराव केला. जंगलावर जगणाऱ्या गडचिरोलीला फार तर निवेदन देता येते.

म्हणून इकडचे अनेकजण सहाव्या अनुसूचीकडे डोळे लावून असतात. लडाखची तर तीच मागणी. लेहमध्ये २४ सप्टेंबर २०२५ ला त्या आंदोलनात चारजणांचा बळी गेला. पण ईशान्येत सगळे आलबेल आहे असे समजायचे कारण नाही. मेघालयात जमीन खासगी आणि कुळांची, तिच्याखालचा कोळसाही त्यांचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. कागदावर यापेक्षा मोठा हक्क नाही. त्या हक्काचे काय झाले? माणूस रांगत जाईल एवढी, उंदराच्या बिळासारखी भुयारे. कुळाच्या जमिनी पैसेवाल्यांच्या ताब्यात गेल्या. हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली, तरी काम चालू राहिले. १३ डिसेंबर २०१८ ला जैंतिया टेकड्यांतल्या क्सान इथे नदीचे पाणी खाणीत घुसले आणि पंधराएक मजूर आत अडकले. हक्क राखला गेला, पण त्याच्या आतल्या माणसांना राखणारे कुणी नव्हते. नागालँडमध्ये नगरपालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा द्यायच्या म्हटल्यावर रूढीचा हवाला देऊन विरोध झाला, २०१७ मध्ये दिमापूर-कोहिमा पेटले, माणसे मेली. २००४ नंतर थेट जून २०२४ मध्ये तिथे या निवडणुका झाल्या. रूढी म्हणजे कुणाची रूढी, हा प्रश्न बाई विचारते तेव्हाच अडचणीचा ठरतो. आपल्याकडेही हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. गोंड मुलीला बापाच्या जमिनीत वाटा आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२५ उजाडावा लागला, तेही छत्तीसगडच्या एका खटल्यात.

पाचव्या अनुसूचीत राज्यपालांना मिळालेली ताकद मात्र लोकांना वाटते त्याहून मोठी आहे. अनुसूचित क्षेत्रापुरता ते संसदेचा कायदासुद्धा बदलू शकतात. झारखंडमध्ये १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्यात बदल करणारी विधेयके २०१७ मध्ये तिथल्या राज्यपालांनी परत पाठवली. त्या राज्यपाल म्हणजे द्रौपदी मुर्मू. बिरसा मुंडांच्या उठावानंतर आलेला तो कायदा आजही सांगतो की मुंडा शेतकऱ्याने जमीन विकायची तर आदिवासीलाच, आणि तीही त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या. याहून मातीला घट्ट धरणारा कायदा देशात विरळा. दुसऱ्या बाजूला, आंध्रच्या राज्यपालांनी एजन्सीतल्या शाळांत सगळे शिक्षक स्थानिक आदिवासीच असावेत असा २००० मध्ये आदेश काढला, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द केला. त्याचे पडसाद आपल्या अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे पेसा, भरतीपर्यंत आले. महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०१४ मध्ये तशाच धर्तीवर तलाठी, ग्रामसेवकांसारख्या जागा स्थानिक आदिवासींसाठी राखल्या होत्या. नाशिक-पालघरच्या पोरांनी त्या भरतीची वाट पाहत वये घालवली.

महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असेही काही आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याचे नियम महाराष्ट्राने २०१४ मध्ये केले. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाला त्यासाठी २०२२ उजाडले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये देशातला पहिलावहिला सामूहिक वनहक्क मिळवला, सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर. २०११ मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक परवाने गावाच्या हाती आले. त्यानंतर या गावाने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन सगळ्यांनी आपापली शेती गावाच्या नावावर केली. विनोबांच्या काळातला, सगळे विसरलेला कायदा. माणसाला धरणारे कायदे होते, मातीला धरणारे होते. मेंढ्याने दोन्ही गावाच्या मुठीत आणले. राज्यपाल लागले नाहीत, स्वायत्त परिषदही लागली नाही. लागली ती वर्षानुवर्षे चाललेली अभ्यासगटांची खटपट आणि एकमताशिवाय निर्णय न घेण्याचा हट्ट.

यादी आहे पण क्षेत्र नाही, असेही घडते; त्यासाठी गोव्याबद्दल दोन शब्द. तिथे गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ मध्ये अनुसूचित जमाती ठरले. लोकसंख्येत ते दहा टक्क्यांच्या वर आहेत, पण गोव्यात अनुसूचित क्षेत्रच नाही. म्हणून तिथे पेसा नाही, राज्यपालांचे विशेष अधिकारही नाहीत. काणकोणचा वेळीप यादीत आहे, त्याचा डोंगर कुठल्याच यादीत नाही.

परत जिवतीला येतो. त्या ओटीवर कागद पिशवीत घालताना घरच्या म्हाताऱ्याने एक शंका काढली. तिचे उत्तर मला देता आले नाही. २०२७ च्या फेब्रुवारीत जनगणनेची मोजणी ठरलेली आहे आणि या वेळी जातही विचारणार आहेत. चौदा गावांत दोन्ही राज्यांचे शिक्षक आहेत, दोन्ही राज्यांच्या याद्या आहेत. मराठी बोलणारे गुरुजी दारात आले तर त्या घराची नोंद बंजारा म्हणून होईल आणि ती अनुसूचित जमातीच्या रकान्यात बसणार नाही. तेलुगू बोलणारे आले तर लंबाडा, अनुसूचित जमात. घरात माणसे सात. त्यांनी ठरवले आहे की जे आधी येतील त्यांना चहा द्यायचा.